मकावांच्या प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून जायचंय? मुंबईहून निघण्यापूर्वी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत नोकरी, हातात सहा आठवड्यांची रजा, पक्षीनिरीक्षणाची सवय आणि सह्याद्रीतली थोडीफार भटकंती. दक्षिण अमेरिकेतल्या वर्षावनात रानपोपटांच्या, त्यातही मकावांच्या संवर्धन प्रकल्पावर स्वयंसेवक म्हणून जायचं आहे. तिथे काम काय असतं, कधी जावं, खरा प्रकल्प कसा ओळखावा आणि इथून काय शिकून जावं?

आधी कामाचं स्वरूप, कारण बहुतेकांचा अपेक्षाभंग इथेच होतो. स्वयंसेवकाच्या दिवसाचा बराचसा वेळ पक्षी मोजण्यात, कोरड्या पेन्सिलीने तक्ते भरण्यात, चिखलातून दोरांच्या बॅगा वाहण्यात आणि संध्याकाळी तेच तक्ते संगणकावर चढवण्यात जातो. पिल्लू हातात घेण्याची वेळ कधीतरी येते, काही जणांवर येतच नाही. प्रकल्पाला तुमच्याकडून हवी असते ती रोज त्याच वेळी, त्याच पद्धतीने केलेली नोंद. ती कंटाळा न करता करता येणार असेल तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

उदाहरणासाठी पेरूच्या आग्नेयेकडचा माद्रे दे दिओस हा प्रांत घेतो, कारण मकावांवरच्या सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या कामांपैकी एक तिथलं आहे. तांबोपाता नदीच्या वरच्या अंगाला १९८९ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. १९९९ पासून टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे डोनाल्ड ब्राइटस्मिथ तो चालवत आहेत. जवळच कोल्पा कोलोराडो हा मातीचा कडा आहे. तो सुमारे अर्धा किलोमीटर लांब आणि पंचवीस-तीस मीटर उंच आहे, आणि पोपट तिथे माती खायला उतरतात. अशा कड्यांना तिथे कोल्पा म्हणतात. कोस्टा रिका, बेलीझ, ब्राझील इथेही मकावांचे प्रकल्प आहेत. पण कामाची पद्धत, धोके आणि तयारी बरीचशी सारखीच असल्याने एकच ठिकाण डोळ्यांसमोर ठेवलेलं बरं.

माती का खातात, हे जाण्याआधी समजून घ्या, कारण तुमची नोंद त्या प्रश्नाला जोडलेली असते. पूर्वी असं मानलं जाई की कच्च्या फळांतली आणि बियांमधली विषारी द्रव्यं माती शोषून घेते. तांबोपातातल्या मोजणीतून जास्त बळकट ठरलेलं कारण सोडियमचं आहे. समुद्रापासून लांब असलेल्या पश्चिम ॲमेझॉनमध्ये पावसाबरोबर येणारं मीठ फार कमी असतं, झाडांत सोडियम कमी, म्हणून खाण्यातही कमी. पक्षी कड्याच्या ज्या थरांवर गर्दी करतात त्या मातीत सोडियम जास्त सापडतो. विणीच्या काळात आणि पिल्लं वाढवताना कड्यावरची ये-जा वाढते, हेही या चित्रात बसतं.

कधी जावं

मकावांची वीण साधारण नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालते. तिथला पावसाळाही तोच. ढोल्यांचं आणि पिल्लांचं काम करायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. फक्त कोल्प्यावरची मोजणी वर्षभर चालते. मे-जूनच्या आसपास तिथली गर्दी बरीच उतरते आणि पुढे विणीच्या तोंडावर पुन्हा वाढते. मे ते ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून थंड वाऱ्याची लाट येते, तिला तिथे फ्रिआजे म्हणतात. पारा एका रात्रीत दहा-बारा अंशांवर उतरू शकतो. ‘ॲमेझॉन म्हणजे उकाडा’ असं धरून फक्त टीशर्ट नेलेले लोक तेव्हा मच्छरदाणीत कुडकुडत बसतात.

सहा आठवडे हा बरा कालावधी आहे. पहिला आठवडा आवाज आणि आकार ओळखण्यात जातो, दुसऱ्यात तुमची मोजणी जुन्या माणसाच्या मोजणीशी जुळायला लागते. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला शिकवण्यात प्रकल्पाचा वेळ जातो आणि हातात नोंद येते ती त्याच्या शिकाऊ काळातली. म्हणून गंभीर प्रकल्प किमान मुक्कामाची अट घालतात. अशी अट नसलेला प्रकल्प बहुधा पर्यटनाचा असतो.

प्रकल्प पारखताना

चार गोष्टी लेखी विचारा. गोळा केलेली माहिती कुठे प्रसिद्ध होते? पक्षी हाताळण्याचा परवाना कोणाच्या नावावर आहे? पेरूत संरक्षित क्षेत्रातल्या संशोधनाला सेरनान्प या सरकारी यंत्रणेची परवानगी लागते आणि हाताळणी करणाऱ्यांची नावं त्यात असावी लागतात. तुमचं नाव त्यात जाणार का, हेही विचारा. तिसरं, पहिल्या दिवसापासून स्वयंसेवकाला पिल्लं हातात देतात का? उत्तर ‘हो’ असेल तर मागे फिरा. चौथं, बंदिवासातले पक्षी सोडत असतील तर सोडण्याआधी रोगांची तपासणी होते का आणि सोडल्यानंतर किती काळ मागोवा घेतात? सोडले, फोटो काढले आणि विसरले, असं चालत असेल तर तो पक्ष्यांच्या जिवाशी खेळ आहे.

प्रकल्पाच्या जाहिरातीतले फोटोही बघा. खांद्यावर मकाव, हातात पिल्लू आणि चेहऱ्याजवळ चोच असे फोटो भरपूर असतील तर तिथे पक्ष्यांना माणसाची सवय लावली जाते. माणसाला न घाबरणारा मकाव शिकाऱ्याच्या आणि पिंजऱ्याच्या व्यापाऱ्याच्या हाती सहज लागतो. जगातल्या सुमारे चारशे पोपट-जातींपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त धोक्यात आहेत. जंगलतोडीबरोबरच पाळण्यासाठी होणारी पिल्लांची चोरी हे त्याचं मोठं कारण आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या पिंजऱ्यांसमोरून गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

खर्चाचा हिशेब मागताना राहणं-जेवण, होडीचा प्रवास आणि संशोधनाला जाणारी रक्कम वेगवेगळी मागा. सरसकट ‘प्रोग्राम फी’ सांगून गप्प बसणाऱ्या मध्यस्थ एजन्सीपेक्षा थेट प्रकल्पाशी पत्रव्यवहार केलेला चांगला. मुंबईहून जाणाऱ्याचा सर्वांत मोठा खर्च बहुधा विमानभाड्याचाच असतो, त्यामुळे प्रकल्पाची फी दहा-पंधरा टक्के कमी-जास्त असण्यावर फार डोकं चालवू नका.

कोल्प्यावरची मोजणी

उजाडायच्या आधी आडोशात जाऊन बसायचं. तारीख, निरीक्षकाचं नाव, ढग, पाऊस, धुकं आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने लिहायची. मग दर पाच मिनिटांनी कड्यावर मातीला लागलेले पक्षी जातीनुसार मोजायचे. वरच्या झाडांत बसलेले आणि हवेत घिरट्या घालणारे वेगळ्या रकान्यात. पक्षी एकदम उडाले तर वेळ आणि कारण: ससाणा, होडी, माणूस, किंवा ‘कारण दिसलं नाही’. हा शेवटचा पर्याय मोकळेपणाने वापरा. अंदाजाने ‘ससाणा’ लिहिलेल्या नोंदी पुढे विश्लेषणात खोटं चित्र उभं करतात.

नवख्यांच्या तक्त्यांत सर्वांत जास्त सापडणारी चूक शून्याची असते. एकही पक्षी नसेल तर शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा रकाना म्हणजे ‘बघितलं नाही’, शून्य म्हणजे ‘बघितलं आणि नव्हते’. पावसाळी सकाळी पक्षी बऱ्याचदा येतच नाहीत, आणि तीन तास शून्य लिहिताना माणसाचा हात आखडतो. पण तीच शून्यं नसतील तर पावसाचा परिणाम कोणालाच मोजता येणार नाही.

दुसरी चूक गोल आकड्यांची. चाळीस-पन्नास पक्ष्यांचा थवा बसला की मन ‘पन्नास’ म्हणून मोकळं होतं. उपाय असा: दहा पक्षी खरोखर मोजा, तेवढ्या गटाने कड्यावर किती जागा व्यापली ते डोळ्यांत भरा, आणि तेच माप पुढे सरकवत न्या. त्याच थव्याची दुसऱ्या माणसाने स्वतंत्र मोजणी केली तर तुमची चूक नेहमी एकाच बाजूला जाते का, हे कळतं. कमी मोजणारा माणूस सहसा कायम कमीच मोजतो, आणि हे माहीत असलं की दुरुस्ती करता येते.

ओळखीच्या बाबतीत दोन लाल मकावांत सगळ्यांचा घोळ होतो. स्कार्लेट मकावाच्या पंखावर पिवळा पट्टा असतो आणि चेहऱ्याची पांढरी कातडी उघडी दिसते. रेड-अँड-ग्रीन मकावाच्या पंखावर हिरवा पट्टा असतो, चेहऱ्यावर लाल पिसांच्या बारीक रेघा असतात आणि अंगाचा लाल जरा गडद असतो. निळा-पिवळा मकाव ओळखायला सोपा. मधल्या आकाराचे ॲमेझॉन पोपट आखूड शेपटीचे असतात आणि पंख फार वर न नेता भराभर, उथळ मारतात. पायोनस गटातले, उदाहरणार्थ निळ्या डोक्याचा पोपट, पंख शरीराच्या खालपर्यंत खोल मारतात. पहाटेच्या अंधुक उजेडात रंग दिसतच नाही. तेव्हा उडण्याची ढब आणि आवाज यांवरच काम चालवायचं असतं. पक्षी ओळखायच्या मर्लिन ॲपमध्ये पेरूचा संच उतरवून ठेवा आणि झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या संकेतस्थळावरून पंधरा-वीस जातींचे आवाज लोकलच्या प्रवासात ऐकत राहा. गर्दीच्या कोलाहलात एखादा आवाज ओळखू आला म्हणजे तो पक्का झाला.

मोजणीचा सराव मुंबईतच होतो. संध्याकाळी पोपट रात्रीच्या मुक्कामाला उतरतात अशी झाडं तुमच्या भागात असतीलच, आणि नसतील तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान किंवा आरेचा परिसर आहे. सूर्यास्ताच्या आधी तासभर दोघांनी बसा. पाच-पाच मिनिटांचे रकाने पाडा, एकमेकांचे आकडे न बघता मोजा आणि शेवटी ताडून पाहा. साधा पोपट आणि खांद्यावर लालसर डाग असलेला, मोठ्या चोचीचा करण पोपट वेगळे मोजा. पंधरा संध्याकाळी असं केलं तर तिथला शिकाऊ आठवडा वाचतो. पद्धतशीर शिकायचं असेल तर फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमधून काम करणारी बीएनएचएस, म्हणजे १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम घेते.

दोर आणि ढोल्या

मकाव ढोलीत घरटं करतात. रेड-अँड-ग्रीन मकावाला शिवावाको या प्रचंड, कठीण लाकडाच्या झाडाच्या ढोल्या लागतात. निळा-पिवळा मेलेल्या आग्वाखे ताडांच्या पोकळ खोडात राहतो. अशी मोठी झाडं सगळीकडे नसतात, म्हणून लाकडी पेट्या किंवा मोठ्या व्यासाचे पीव्हीसी पाइप टांगून कृत्रिम घरटी करतात. त्यांच्या आत पिल्लाला चढायला जाळी किंवा पायऱ्या, तळाला निचऱ्याची भोकं आणि भुसा. भोकं बुजली की पिल्लं ओल्या भुशात बसतात आणि आजारी पडतात. तपासणीत हे आधी बघायचं.

घरटं वीस-तीस मीटर उंच असतं आणि वर जाणं एकेरी दोरावरून. आधी मोठ्या गलोलीने वजन बांधलेली बारीक दोरी फांदीवरून टाकतात, तिच्या मागे जाड दोरी, तिच्या मागे दहा-अकरा मिलिमीटरचा स्थिर दोर, म्हणजे ताण आला तरी फारसा न ताणणारा. दोन माणसं दोराला लटकून हिसके देऊन पाहतात. फांदी जिवंत आहे, खोडापासून जवळ आहे आणि दोर एकाच फाट्यात बसला आहे, हे दुर्बिणीतून दोन जण स्वतंत्रपणे तपासतात. मग हार्नेस, छातीवरचा क्रोल आणि हातातला जुमार (दोन्ही दोरावर फक्त वर सरकणाऱ्या पकडी), पायाचा फास, हेल्मेट आणि उतरायचं साधन.

सह्याद्रीत सुळके चढणाऱ्यांना जुमारिंग ठाऊक असतं, तरी दोन फरक लक्षात ठेवा. झाडावर दोर वाऱ्याने हलतो आणि ओली साल बूट धरून ठेवत नाही, त्यामुळे पायांऐवजी दंडांवर भार आला की पंधरा मीटरवर हात संपतात. पायाच्या फासाची लांबी आधी नीट जुळवली तर हा त्रास निम्म्यावर येतो. दुसरं म्हणजे घरट्याशी पोहोचल्यावर हार्नेसमध्ये बराच वेळ स्थिर लटकावं लागतं. पाय न हलवता लटकलं तर रक्त पायांत साचतं आणि चक्कर येऊ शकते. पायाखाली फास ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी उभं राहायचं. म्हणून मुंबई-पुण्याच्या एखाद्या अनुभवी गिर्यारोहण संस्थेकडून एकेरी दोराचं तंत्र शिकून जा आणि त्यातही चढताना मधेच थांबून उतरण्याच्या साधनावर बदली कशी करायची हे पक्कं करा. चढता सगळ्यांना येतं, अडचण मधेच उतरावं लागतं तेव्हा होते.

आणि ती वेळ बहुतेकदा मधमाश्या आणतात. आफ्रिकी संकरित मधमाश्या रिकाम्या पेट्या आणि ढोल्या बळकावतात. साप किंवा जॅग्वार यांच्यापेक्षा दोरावर लटकलेल्या माणसाला हा धोका कितीतरी खरा आहे. चढण्याआधी पाच-दहा मिनिटं दुर्बिणीतून घरट्याचं तोंड बघायचं. आत-बाहेर करणारे ठिपके दिसले की त्या दिवशी ते झाड सोडायचं. मधमाशीची ॲलर्जी असेल तर चढण्याचं काम घेऊच नका आणि अर्जातच तसं लिहा.

घरट्याची तपासणी अशी होते. मादी आत असेल तर तिला स्वतःहून बाहेर पडू देतात. पिल्लं कापडी पिशवीत किंवा झाकणाच्या बादलीत ठेवून दोराने खाली सोडतात. खाली दुसरी जोडी तयार असते. कोणतं पिल्लू कोणतं हे आधी निश्चित करतात, मग वजन, पंखाची लांबी, चोच आणि पाय व्हर्नियर कॅलिपरने, क्रॉप म्हणजे गळ्याखालची अन्नाची पिशवी किती भरली आहे, आणि शेवटी कातडीखालच्या अळ्यांची तपासणी. क्रम कधीच बदलायचा नाही. वजन करताना पिशवीसकट आकडा आणि पिशवीचा आकडा असे दोन्ही लिहायचे, वजाबाकी घरी. ओली पिशवी कोरड्या पिशवीपेक्षा जड असते, म्हणून ती प्रत्येक वेळी वजन करायची. पिल्लू पंचवीस ग्रॅमचं असताना पाच ग्रॅमची चूक म्हणजे एक पंचमांश चूक आहे.

फिलॉर्निस नावाच्या माशीच्या अळ्या पिल्लाच्या कातडीखाली वाढतात. त्या काढायला सर्पदंशाच्या पेटीत असतं तसं उलट्या सिरिंजचं ओढणारं साधन वापरतात. हे काम शिकलेल्या माणसाचंच आहे. पाऊस लागला की पिल्लं खाली आणायची नाहीत, आणि आणली असतील तर मापं सोडून आधी परत पाठवायची. उघडं पिल्लू ओलं झालं की स्वतःची उष्णता राखू शकत नाही.

अंडं फुटल्यापासून स्कार्लेट मकावाचं पिल्लू सुमारे बारा-तेरा आठवड्यांनी घरटं सोडतं. या काळात त्याचं वजन वीस-पंचवीस ग्रॅमपासून किलोच्या घरात जातं आणि उडण्याआधी थोडं उतरतं. तेव्हा घाबरून ‘आजारी’ लिहू नका, उतार अपेक्षितच आहे.

मन घट्ट करावं लागतं ते तिसऱ्या-चौथ्या पिल्लाच्या वेळी. घरट्यात दोन ते चार अंडी असतात आणि ती एकाच दिवशी फुटत नाहीत, एकेक-दोन दिवसांच्या किंवा त्याहून जास्त अंतराने फुटतात. पहिलं पिल्लू वाढून घेतं, धाकट्याला आई-बाप भरवतच नाहीत आणि ते उपासमारीने मरतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला डब्यातला भात कालवून द्यावासा वाटतो. तसं करू नका, चुकीच्या तापमानाचं किंवा चुकीच्या घट्टपणाचं अन्न क्रॉपमध्ये आंबतं किंवा श्वासनलिकेत जातं. तांबोपातात अशी पिल्लं वेगळी वाढवून, वयाने जुळणारं पिल्लू असलेल्या दुसऱ्या घरट्यात दत्तक देण्याची पद्धत गाब्रिएला विगो-त्राउको यांनी वापरली आहे. ते आखलेलं, परवाना असलेलं काम आहे. एकट्या स्वयंसेवकाच्या दयेला तिथे जागा नाही.

रोग, दोन्ही बाजूंचे

घरी पाळीव पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर प्रकल्पाला सांगा. पोपटांचे विषाणू, विशेषतः चोच-पिसांचा रोग, कपड्यांवरून आणि बुटांवरून जाऊ शकतो. निघण्याआधीच्या आठवड्यात पक्ष्यांच्या दुकानात जाऊ नका. कपडे गरम पाण्यात धुवा, दुर्बिणीचा पट्टा आणि बुटांचे तळवे जंतुनाशकाने पुसा. तिथे प्रत्येक घरट्याला नवे हातमोजे. सुकलेली विष्ठा झाडताना एन-९५ मास्क, कारण सिटाकोसिस हा पोपटांचा आजार माणसाच्या फुप्फुसांत जातो. परत आल्यावर ताप-खोकला आला तर डॉक्टरला पोपटांबरोबर काम केल्याचं आपणहून सांगा, नाहीतर तपासणी मलेरिया-डेंग्यूवरच थांबते.

तुमच्या बाजूने सर्वांत महत्त्वाची लस पिवळ्या तापाची. ती साध्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. मुंबईत पोर्ट हेल्थ आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन ही त्यांतली केंद्रं. वेळ आधी घ्यावी लागते. लस प्रवासाआधी किमान दहा दिवस घ्या. प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. पासपोर्ट क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग तिथल्या तिथे तपासा. हे कार्ड परतीला हाताच्या सामानात लागतं, ते नसेल तर पिवळ्या तापाच्या देशातून आलेल्या प्रवाशाला भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी, रोगप्रतिकार कमी करणारी औषधं किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरशी आधी बोला, ही जिवंत विषाणूची लस आहे.

शिवाय धनुर्वात, हिपॅटायटिस ए, टायफॉइड आणि रेबीजची प्रतिबंधक मालिका. रेबीज कशाला, असं सगळे विचारतात. ॲमेझॉनमधली रक्त पिणारी वटवाघळं झोपलेल्या माणसाला चावतात, म्हणून. मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपायचं. सँडफ्लायच्या चाव्यातून होणारा लेशमानियासिस माद्रे दे दिओसमध्ये आहे: महिनाभरात न भरणारी, कडा उचललेली जखम दिसली तर परतल्यावर त्वचारोगतज्ज्ञाला प्रवासाचा तपशील द्या. तिथल्या सापांवर भारतातलं प्रतिविष चालत नाही, ते सोबत नेऊ नका. त्याऐवजी होडीने आणि विमानाने बाहेर काढण्याचा खर्च धरणारा विमा घ्या. जंगलातून पुएर्तो माल्दोनादो या शहरापर्यंत नदीने कित्येक तास लागतात.

सामान आणि कागद

मुंबईचा जुलै ही सामानाची उत्तम परीक्षा आहे. जे इथे गॅलरीत दोन दिवसांत वाळत नाही ते तिथे कधीच वाळणार नाही. जीन्स घरीच ठेवा. पूर्ण बाह्यांचे, लवकर वाळणारे फिक्या रंगाचे चार जोड पुरतात. गुडघ्याखालपर्यंत येणारे गमबूट आणि त्यांच्यापेक्षा उंच मोजे, नाहीतर पोटऱ्यांना घासून सालटं निघतात. दुर्बीण ८×४२ आणि आत नायट्रोजन भरलेली, म्हणजे आतून धुकं धरत नाही. बुरशीसाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, जांघेतल्या नायट्यासाठी पावडर. डीट असलेलं, डास-कीटक दूर ठेवणारं मलम प्लास्टिक विरघळवतं, म्हणून ते हाताला लावून दुर्बीण, हेल्मेट किंवा दोराला हात लावायचा नाही, आणि पिल्लाला तर मुळीच नाही.

जेवणात भात, राजमा-घेवड्याचे प्रकार, केळी आणि युका नावाचा कंद भरपूर असतात, त्यामुळे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, कंटाळतो मात्र नक्की. मेतकूट किंवा चटणी न्यायची तर कंपनीची बंद पाकिटं न्या आणि विमानतळावर जाहीर करा. सुटी धान्यं, बिया, लोणच्याच्या बरण्या पेरूच्या तपासणीत अडकतात.

स्पॅनिशचे शे-दोनशे शब्द शिकाच. दोर धरणारा सहकारी बऱ्याचदा स्थानिक असतो, आणि ‘थांब’, ‘सोड’, ‘ओढ’, ‘मधमाश्या’ हे शब्द तीस मीटरवरून अचूक कळायला हवेत. त्या भागातल्या एसे एखा समाजाच्या लोकांकडून जंगलाबद्दल जे शिकायला मिळतं ते कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही, पण त्यासाठीही बोलता यायला हवं.

व्हिसाच्या बाबतीत एक सोय आहे. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन यांपैकी एकाचा किमान सहा महिने वैधता उरलेला व्हिसा असेल तर भारतीयांना पेरूत पर्यटक म्हणून वेगळा व्हिसा लागत नाही. स्वयंसेवी काम पर्यटक प्रवेशात बसतं का, हे मात्र प्रकल्पाकडून लेखी घ्या आणि दिल्लीच्या दूतावासाला विचारा. मुंबई-लिमा थेट विमान नाही. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्याआधी बघा. स्वस्तात मिळालेली दोन वेगवेगळी तिकिटं इथेच अंगाशी येतात, कारण सामान पुन्हा चेक-इन करायला त्या देशात प्रवेश करावा लागतो.

परत येताना जमिनीवर सापडलेलं पीससुद्धा आणू नका. स्कार्लेट मकाव साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे, बाकीचे मकावही कोणत्या ना कोणत्या परिशिष्टात आहेतच. कागदाशिवाय पीस नेणं दोन्ही देशांत गुन्हा ठरू शकतो. निघण्याआधी तुमच्या सगळ्या मूळ तक्त्यांचे फोटो काढून प्रकल्पाकडे द्या, हस्ताक्षर वाचता न येणाऱ्या जागा सोबत बसून सोडवा, आणि तुम्हाला शंका असलेल्या नोंदींसमोर तसं प्रश्नचिन्ह करून ठेवा. सहा महिन्यांनी ईमेलवर विचारलं तर ‘हा सात आहे की एक’ हे तुम्हालाही सांगता येणार नाही.